जुन्या पिकअपचे मडफ्लॅप रिव्हर्समध्ये का फाटतात आणि ते टिकतील असे कसे बसवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची 2009 ची बोलेरो पिकअप आहे, मागचा हौदा (माल भरायचा भाग) बाहेरून बांधून घेतलेला. मागचे मडफ्लॅप (चाकामागे लटकणारे, चिखल अडवणारे रबरी पडदे) दोनदा नवे लावले आणि दोन्ही वेळा मळ्यात रिव्हर्स घेताना बोल्टाच्या भोकांपासून फाटले. पुढचा डावा फ्लॅप अर्धा तुटलाय, तिथला पत्राही गंजलाय. आता आणखी जाड रबर घ्यावं की फ्लॅपच्या खालच्या टोकाला साखळी बांधावी, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, दोष रबराच्या जाडीचा नाही. दोनदा त्याच जागी, त्याच कारणाने फाटतोय म्हणजे फ्लॅप चुकीच्या उंचीवर आणि टायरच्या फार जवळ बसलाय. जाड रबर लावलंत तर पुढच्या वेळी रबर वाचेल आणि अँगल (फ्लॅप धरणारी काटकोनी लोखंडी पट्टी) वाकेल, नाहीतर हौद्याचा पत्रा उचकटेल. फ्लॅप ही गाडीतली स्वस्तातली वस्तू आहे. काही तुटायचंच असेल तर फ्लॅप तुटावा, गाडी नाही.

रिव्हर्समध्ये नेमकं काय होतं ते आधी बघू. गाडी पुढे चालताना टायरची मागची बाजू खालून वर जात असते. फ्लॅप चुकून टायरला लागला तरी तो वर आणि मागे फेकला जातो, फार तर घासल्याचा आवाज येतो. गाडी मागे घेताना हेच उलटं होतं, टायरची मागची बाजू वरून खाली येते. त्यातच फ्लॅपचं खालचं टोक बांधाला, मातीच्या ढेकळाला किंवा गटाराच्या काठाला टेकलं की ते पुढे, टायरकडे ढकललं जातं. टायर त्याला पकडतो, खाली ओढतो आणि त्यावर चढतो. चाक फ्लॅपवर उभं असताना गाडी मागे सरकतच असते, त्यामुळे सगळी ओढ वरच्या तीन-चार भोकांवर येते आणि रबर तिथूनच फाटतं. गाडी भरलेली असेल तर पाटे (ॲक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दबून बसलेले असतात, फ्लॅप अजून खाली आलेला असतो, आणि हे हमखास होतं. तुमचे दोन्ही फ्लॅप माल भरलेला असताना फाटले असतील असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिलं काम मापाचं, आणि ते भरलेल्या गाडीवर. बहुतेक ठिकाणी फ्लॅप रिकाम्या गाडीला, नजरेने, 'इथपर्यंत बरा दिसतो' म्हणून लावला जातो. तसं करू नका. तुमचा नेहमीचा माल भरा. टोमॅटोच्या हंगामात 20 किलोचे 60 क्रेट म्हणजे 1200 किलो झाले, कांद्याच्या गोण्या असतील तर तेवढ्याच वजनाच्या. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांमध्ये हवा नेहमीची असू द्या, आणि चाकाच्या मध्यावर हौद्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं. माल उतरवून पुन्हा तसंच मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे तुमचे पाटे किती बसतात ते. तो गाडीगणिक बदलतो. पाटे किती जुने आहेत, जादा पाटा टाकलाय का, एखादा तुटलाय का, यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या गाडीत एक बाजू दुसरीपेक्षा जास्त बसलेली असणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी दोन्ही फ्लॅप हौद्यापासून सारख्या मापाने लटकवले तर एक जमिनीला लागेल. दोन्हीकडचं माप जमिनीपासूनच धरा. आणि हे मोजताना गाडी जॅकवर अजिबात नको. जॅकवर ॲक्सल खाली लोंबतो आणि सगळं माप खोटं येतं.

आता किती उंची ठेवायची? ठरीव आकडा नाही, गाडी कुठे चालते त्यावर आहे. भरलेल्या गाडीवर फ्लॅपची खालची कड जमिनीपासून 6 इंच, हे डांबरी रस्त्यावरच्या गाडीसाठी ठीक. मळ्यात, बांधावरून, पाण्याच्या चारीवरून जाणारी गाडी असेल तर मी 8 इंच ठेवतो. समजा तुमचे पाटे 4 इंच बसतात, तर रिकाम्या गाडीवर फ्लॅप 12 इंचांवर दिसेल. तो उंच वाटेल, कोणी ना कोणी 'आखूड झाला' म्हणेलही. तिकडे लक्ष देऊ नका. मात्र याची किंमत काय आहे तेही समजून घ्या. पिंपळगाव बसवंतला माल उतरवून तुम्ही महामार्गाने रिकामे परत येता तेव्हा गाडी वेगात असते आणि 12 इंचांच्या खालून बारीक खडी मागच्या गाडीकडे जाऊ शकते. तुमच्या फेऱ्या बहुतेक महामार्गावरच्या असतील तर भरलेल्या गाडीवर 6 इंचच ठेवा आणि मळ्यात शिरताना फ्लॅप वर अडकवायची सोय करा. त्याबद्दल साखळीच्या मुद्द्यात सांगतो.

दुसरं माप टायर आणि फ्लॅपमधल्या अंतराचं. मागे कमीत कमी 4 इंच, शेतातल्या गाडीला 5 ते 6. पाटे दबले की ते सरळ होतात, लांबतात, आणि पुढचं टोक पिनवर पक्कं असल्यामुळे ॲक्सल किंचित मागे सरकतो. म्हणजे माल भरला की हे अंतर आपोआप कमी होतं. शिवाय आज टायर घासलेला असेल तर नव्या किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेल्या) टायरची गोटी, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर, जाड असणार, त्याचीही जागा हिशेबात धरा. पण फ्लॅप फार मागेही नेऊ नका. मागे गेला की दोन गोष्टी बिघडतात. चाकातून उडालेलं पाणी तोवर बाजूला पसरतं आणि कडेने निसटतं. दुसरं, चढावर लागताना किंवा उताराच्या धक्क्यावरून उतरताना गाडीची मागची बाजू आधी टेकते, तेव्हा फ्लॅपच घासतो.

रुंदी सोपी आहे. टायरवर 215/75 आर 15 असं लिहिलेलं असेल तर 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दोन्ही बाजूंना 25 ते 30 मिमी जास्त धरा, म्हणजे 270 मिमी रुंद फ्लॅप. फ्लॅपचा मध्य टायरच्या मध्याशीच जुळला पाहिजे, हौद्याच्या कडेशी नाही. बाहेरून बांधलेल्या हौद्याची कड टायरपेक्षा बरीच बाहेर असते आणि तिच्याशी रेषा जुळवली की टायरची आतली निम्मी बाजू उघडी राहते. सगळा चिखल मग स्टेपनीवर आणि सायलेन्सरवर. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक सरळ पट्टी टेकवून मागे काढा, हौद्याखाली खडूने दोन खुणा करा, त्यांचा मध्य तो फ्लॅपचा मध्य.

माल कोणता घ्यायचा? मागच्यासाठी आतून कापडाचा थर असलेलं रबर, 6 मिमी म्हणजे दोन सूत. कापडामुळे भोकाजवळची चीर पुढे पळत नाही. साधं बिनथराचं रबर वळतं छान, पण एकदा चीर पडली की हाताने फाडावं तसं फाटत जातं. पातळ प्लास्टिकचे फ्लॅप वेगात मागे उडतात आणि जुने झाले की तडकतात. कन्व्हेयर बेल्टचा तुकडा नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या भंगारात मिळतो आणि बरेच जण तो आनंदाने लावतात. 8-10 मिमीचा बेल्ट ट्रकला चालेल, पिकअपला तो जड आणि ताठ पडतो, वळत नाही, आणि सगळा झटका अँगलवर जातो. ट्रकच्या मापाचा तयार फ्लॅप कापून घेतला तरी चालतो. कापताना धारदार कटर आणि साबणाचं पाणी वापरा, पातं अडकत नाही. खालचे दोन्ही कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी अडकतो.

आता बसवण्याचं काम. मागचा फ्लॅप चेसिसला भोक पाडून लावायचा नाही. चेसिसच्या चॅनलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सगळा ताण असतो. तिथे पाडलेल्या भोकापासून तडा सुरू होतो, तो आज दिसत नाही आणि दोन वर्षांनी दिसतो. चेसिसवर वेल्डिंगही नको. शिवाय चेसिसच्या आतल्या बाजूने ब्रेकची पाइप, डिझेलची पाइप आणि वायरिंग जातं. हौद्याखालच्या आडव्या चॅनलला अँगल बोल्टने पकडवा. अँगल 40 बाय 40 बाय 5 मिमी, लांबी फ्लॅपच्या रुंदीएवढी आणि शिवाय चॅनलपर्यंत पोचेल इतकी. चॅनलला तो दोन 10 मिमी बोल्टांनी धरा, 17 नंबरचा पाना लागेल. एकाच बोल्टावर अँगल फिरतो. हौदा लाकडी असेल तर आरपार बोल्ट आणि आतून मोठी चौकोनी पट्टी, लाकडी स्क्रू चालणार नाहीत. हौद्याला वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल काढा. भोक पाडण्याआधी मागच्या बाजूला काय आहे ते हात घालून तपासा. मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकचा वजनाप्रमाणे काम करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या दांडीला अँगल किंवा फ्लॅप कुठेही लागता कामा नये, नाहीतर मागच्या ब्रेकचा जोर बदलतो. सायलेन्सरचं तोंड फ्लॅपकडे असेल तर ते आधी वळवून घ्या, गरम धुराने रबर कडक होऊन तडकतं.

फ्लॅपला 270 मिमी रुंदीत चार भोकं: कडेपासून 30 मिमीवर पहिलं, मग 70-70 मिमीवर पुढची, दुसऱ्या कडेला पुन्हा 30 मिमी उरतात. वरच्या कडेपासून 25 मिमी खाली. कडेच्या याहून जवळ भोक पाडलं की रबर तिथून सुटतं. भोकं पंचने पाडा, ड्रिलने नाही. ड्रिल रबरात फिरताना ते ओरबाडतं, भोकाच्या कडेला सूक्ष्म चिरा राहतात आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. 8 मिमीचा पंच, खाली लाकडाचा ठोकळा, वरून हातोड्याचा एक ठोका. अँगलमध्ये मात्र साडेआठ मिमीचं ड्रिल.

बोल्ट 8 मिमी जाड, 30 मिमी लांब. हिशेब असा: अँगल 5, रबर 6, मागची पट्टी 3, वायसर (वॉशर) दीड-दोन, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) 8, झाले 24 मिमी. वर दोन-तीन आटे बाहेर राहायला हवेत, म्हणून 30. पाना 13 नंबर. आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जी जवळजवळ कोणी लावत नाही: रबराच्या मागून पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी, 40 बाय 3 मिमी. फक्त वायसर लावले तर चार ठिपक्यांवर सगळी ओढ येते. पट्टी लावली की ओढ पूर्ण रुंदीवर वाटली जाते. या पट्टीची आणि अँगलची खालची कड ग्राइंडरने किंवा कानशीने गोल करून घ्या. हात फिरवून बघा, बोट कापेल अशी धार राहू नये. फ्लॅप दिवसभर याच रेषेवर पुढेमागे वाकत असतो. धार राहिली तर ती रबराला रोज थोडी थोडी कापते आणि एका दिवशी भोकांच्या अर्धा इंच खाली सरळ रेषेत फ्लॅप तुटून पडतो. तुमचा जुना फ्लॅप अजून जवळ असेल तर बघा: भोकं लांबट झाली असतील तर पट्टी नव्हती, आणि भोकं शाबूत असून खाली आडवा कापला गेला असेल तर कड धारदार होती.

बोल्टाचं डोकं टायरच्या बाजूला, नट मागे. कधी टायर लागलाच तर गुळगुळीत डोकं लागेल, आट्याचं टोक टायरमध्ये घुसणार नाही. नट आवळताना रबर पट्टीच्या कडेने किंचित फुगायला लागलं की थांबा. त्यापुढे आवळलं तर रबर चिरडतं आणि काही दिवसांत नट ढिला पडतो. अँगल बसवताना त्याची उभी बाजू अगदी काटकोनात न ठेवता खाली किंचित मागे झुकलेली ठेवा. ताठ रबर तोच कल धरतं आणि खालचं टोक टायरपासून इंचभर आणखी लांब राहतं.

साखळीचं म्हणाल तर फ्लॅपच्या खालच्या टोकापासून पुढे चेसिसला साखळी नको. ती तुटली की चाकात गुंडाळते, आणि तिथे ब्रेकची पाइप आहे. खाली पितळी पत्रा किंवा लोखंडी वजनही नको. फ्लॅप टायरखाली गेला तर रबर वाचेल, पण त्या पत्र्याने टायरची बाजू कापली जाईल. तुम्हाला हवी ती सोय वेगळी आहे. फ्लॅपच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक भोक, त्यात लोखंडी रिंग, आणि हौद्याच्या मागच्या कडेला एक हुक. मळ्यात शिरण्याआधी नायलॉनच्या दोरीने फ्लॅप मागे वर उचलून हुकात अडकवायचा, रस्त्यावर लागण्याआधी सोडायचा. वर उचललेला फ्लॅप नंबर प्लेट, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकत नाही ना, ते एकदा उभं राहून पाहा.

पुढच्या फ्लॅपचं गणित वेगळं. मालाने पुढची बाजू फारशी बसत नाही, त्यामुळे उंचीचा प्रश्न कमी. प्रश्न स्टीअरिंगचा आहे. चाक वळताना टायरचा मागचा कोपरा आतबाहेर फिरतो. फ्लॅप नुसता धरून स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. दोन्ही टोकांना टायर आणि फ्लॅप यांत इंचभर तरी फट हवी. हे एकदा सपाटीवर करा आणि एकदा ते चाक भक्कम लाकडी फळ्यांवर 4-5 इंच चढवून करा, म्हणजे सस्पेन्शन दबलेलं असताना काय होतं ते कळेल. मागच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेकवर एकट्यावर विसंबू नका. चाक काढून काम करायचं असेल तर गाडी घोडीवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर हात आत घालू नका.

आता तुमचा गंज. निफाडची काळी माती ओली झाली की लपेटून बसते, आणि फ्लॅप व पत्रा यांच्या फटीत गेली की आठवडाभर ओल धरून ठेवते. तिथला पत्रा पाण्याने एवढा सडत नाही जेवढा या अडकलेल्या मातीने सडतो. आधी जुना तुकडा काढा. बोल्ट गंजून बसला असेल तर जबरदस्तीने पाना लावू नका, आतला बसवलेला नट पत्र्यातून सुटतो आणि मग बोल्ट नुसता गरगर फिरतो. तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवायचं तेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी थोडं आवळून मग सोडवा. नट फिरलाच तर डोकं ग्राइंडरने उडवा, तो नट परत वापरायच्या भानगडीत पडू नका.

मग मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचून बघा. आवाज खणखणीत आणि टोक आत जात नसेल तर पत्रा चांगला आहे, वरचा गंज खरवडून काम होईल. टोक आत गेलं तर तिथे नुसता मोठा वायसर लावून भागणार नाही. कुजलेला भाग कापून नवा पत्रा लावून घ्या, मग फ्लॅप. तोवर फ्लॅप नसलेला बरा, कारण कुजलेल्या पत्र्याला लटकलेला फ्लॅप तो पत्रा सोबत घेऊन जातो. पत्रा ठीक असेल पण जुनं भोक मोठं झालं असेल तर त्याहून जाड स्क्रू ठोकू नका. मागून 3 मिमीच्या पट्टीचा तुकडा घ्या, त्यात भोक पाडा, आणि 6 मिमीचा बोल्ट, मोठा मडगार्ड वायसर, नायलॉक नट लावा. पाना 10 नंबर. तीन जागी पकड हवी. पत्र्यात स्वतः आटे पाडत जाणारे स्क्रू जुन्या गाडीला लावू नका, पातळ पत्र्यात त्यांना धरायला काहीच नसतं आणि खड्ड्यांच्या हादऱ्याने ते महिन्याभरात ढिले होतात.

पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला रेड ऑक्साईड (गंजरोधक प्रायमर) लावा, पूर्ण वाळू द्या, वर रंगाचा हात मारा. ओल्या प्रायमरवर फ्लॅप आवळला तर प्रायमर निघून रबराला चिकटतो आणि पत्रा पुन्हा उघडा पडतो. फ्लॅप पत्र्याला सपाट चिकटवू नका. प्रत्येक बोल्टावर मध्ये 5-6 मिमी जाडीचा रबरी वायसर घाला, म्हणजे फट राहील आणि पाण्याच्या पाइपने माती धुऊन निघेल. मागे हा प्रश्न नाही, तिथे अँगल उघडाच आहे.

सगळं झाल्यावर रिकामी गाडी घेऊन मोकळ्या जागी हळू रिव्हर्स घ्या, एक चाक मुद्दाम छोट्या बांधावर घाला, आणि दुसऱ्या माणसाला बाजूने, लांब उभं राहून बघायला सांगा. मग भरलेल्या गाडीने तेच. खालची कड कुठे टेकते, फ्लॅप टायरकडे किती येतो, ते त्याला दिसेल. लागत असेल तर खालून एकेक इंच कापत जा. पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा तपासा, रबर दबून बसतं आणि नट जरासे ढिले होतात. पावसाळ्यात घोटी-इगतपुरीकडे फेरी झाली, की गाडी धुताना पाइपचं तोंड पुढच्या फ्लॅपच्या मागच्या फटीत वरून खाली धरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा.